काळजी, घोर आणि धसका

(नभोवाणीवरील भाषण)



पावसाळ्यांत सांगलीस दोन माणसें रस्त्यांत भेटलीं म्हणजे तीं एकमेकांची प्रकृति नंतर विचारतात, आधीं विचारतात, "आयर्विनला किती झालें?" परगांवच्या माणसास ह्या प्रश्नाचा बोध होणार नाहीं. कृष्णेवरचा आयर्विन पूल १९२९ सालीं खुला झाला व तेव्हांच्या व्हाइसरॉयसाहेबांचें नांव त्यास मिळालें. त्या पुलापाशीं नदीच्या पाण्याची उंची मोजतात. ४० फुटांना इशारा आणि ४५ फुटांना धोका, हें येथील शाळकरी पोरासही पाठ असतें. आकडा २५ च्या आंत असला म्हणजे सांगणाऱ्याचा स्वर मोकळा असतो. ३५ झाला म्हणजे तो खालीं येतो. आणि ४० ला टेकला कीं तोच गृहस्थ वाक्य अर्ध्यावर टाकून घराच्या दिशेनें चालूं लागतो. आज मला पाण्याविषयीं बोलावयाचें नाहीं. तो आकडा ऐकून माणसाच्या पोटांत जो गोळा उठतो, त्याविषयीं बोलावयाचें आहे.

मी डॉक्टर नव्हे, हें आरंभींच सांगून टाकतों. जुन्या अकरावीची मॅट्रिक झालेला आणि पुढें अडतीस वर्षें प्राथमिक शाळेंत खडूची पूड खाल्लेला मी एक मास्तर आहें. परंतु ज्या दुखण्याविषयीं बोलणार तें मीं स्वतः भोगलें आहे, आणि तें ओळखावयास मला जवळजवळ एक वर्ष लागलें. तेवढाच माझा अधिकार.

हल्लीं 'ताण' हा शब्द सर्वांच्या तोंडीं आहे. पोरें तर 'टेन्शन' म्हणून मोकळीं होतात. परीक्षेचें टेन्शन, लग्नाचें टेन्शन, गाडी चुकली त्याचेंही टेन्शन. माझ्या लहानपणीं ताण हा दोरीला असे, किंवा तंबूच्या खुंटाला. मनासाठीं निराळे शब्द होते, आणि व्याकरण शिकवून जिभेला खोड लागलेल्या मास्तराचें मत विचाराल तर ते अधिक नेमके होते. काळजी म्हणजे जवळच्या, हाताला येणाऱ्या गोष्टीची. पोराला ताप भरला कीं आईला काळजी वाटते. ती उठते, काढा करते, डॉक्टरकडे नेते. ताप उतरला कीं काळजी उतरते. ही काळजी माणसाला कामाला लावते. घोर तसा नाहीं. घोर लागतो तेव्हां कारण दूर असतें, हातांत करण्यासारखें कांहीं नसतें, आणि रात्र लांबते. धास्ती ही येणाऱ्या गोष्टीची, तर धसका हा बहुधा होऊन गेलेल्या गोष्टीचा. गोष्ट सरली, पण धसका राहिला. आणि हाय खाल्ली म्हणजे माणसानें जेवणही टाकलें आणि बोलणेंही टाकलें. ह्या पांच शब्दांत आमच्या आजीबाईंनीं ह्या विकाराच्या पायऱ्याच मांडून ठेविल्या होत्या. आतां सगळ्यांना एकच शब्द लावल्यामुळें पहिल्या पायरीवरचा माणूस उगाच घाबरतो आणि शेवटच्या पायरीवरच्याकडे कोणी लक्ष देत नाहीं.

शास्त्रज्ञांनीं 'ताण' हा शब्द उचलला तो पदार्थविज्ञानांतून. अमेरिकेंतील वॉल्टर कॅनन ह्या शरीरशास्त्रज्ञानें १९१५ सालीं आपल्या ग्रंथांत दाखवून दिलें कीं, भय किंवा क्रोध उत्पन्न झाला म्हणजे प्राण्याचें सारें शरीर लढण्यासाठीं अथवा पळण्यासाठीं सज्ज होतें. आपल्या मूत्रपिंडांच्या माथ्यावर टोपीसारख्या दोन लहानशा ग्रंथि आहेत. त्यांतून अॅड्रिनलिन नांवाचें द्रव्य रक्तांत सुटतें. छाती धडधडूं लागते, श्वास जलद होतो, यकृतांतली सांठवलेली साखर रक्तांत उतरते, स्नायूंकडे रक्त अधिक जातें आणि पोटाचें काम थांबतें. संकटाच्या वेळीं घांस घशाखालीं उतरत नाहीं म्हणतात तें कांहीं कविकल्पना नव्हे. पुढें १९३६ सालीं कॅनडांत माँट्रिअल येथें हान्स सेली ह्यानें उंदरांवर प्रयोग करतांना पाहिलें कीं, उंदराला थंडींत ठेवा, जखम करा, विषारी द्रव्य टोंचा किंवा दमवून टाका, कारण कोणतेंही असलें तरी त्याच्या शरीरांत होणारे फरक एकाच जातीचे असतात. त्या ग्रंथि फुगतात, रोगाशीं झगडणारे कांहीं भाग आकसतात, पोटांत व्रण पडतात. त्यावरून त्यानें असें मांडलें कीं, शरीर प्रथम दचकतें, मग तग धरतें, आणि संकट हटलेंच नाहीं तर शेवटीं थकून जातें.

ह्यांतली मधली अवस्था मोठी फसवी असते. माणूस तग धरून असतो तोंवर त्याला आणि घरच्यांना सर्व ठीक चाललें आहे असेंच वाटतें.

ताण मुळींच नसावा काय? मिरजेस एकदां जाऊन पाहावें. तेथें सतारी आणि तंबोरे करणारीं घराणीं आहेत. कारागिराच्या समोर थोडा वेळ बसावयास मिळालें तर मोठी मौज असते. नवा तंबोरा होतो तेव्हां तारा सैल असतात आणि त्यांतून नुसती खरखर निघते. तो खुंटी पिळतो, कान लावतो, पुन्हां पिळतो. एका जागीं स्वर लागतो. आणखी एक पीळ दिला तर तार तुटते. शिवाय एक गोष्ट मला तेथें कळली, ती अशी कीं वाद्य बरेच दिवस वाजवावयाचें नसेल तर तारा थोड्या उतरवून ठेवणें चांगलें. नाहींतर ओढ सगळ्या वाद्यावर पडत राहते. आमचें चुकतें तें येथें. आम्ही खुंटी पिळतों, उतरवीत नाहीं. वर्गांतही मी हेंच पाहत असें. परीक्षेची थोडी धाकधूक असणारा मुलगा बरा पेपर लिहितो, मुळींच धाकधूक नसणारा खिडकींतून बाहेर पाहत बसतो, आणि ज्याला फार असते त्याला पाठ असलेला पाढा आठवत नाहीं, त्याच्या पोटांत दुखूं लागतें, आणि तो तासाभरांत तीन वेळां "गुरुजी, बाहेर जाऊं?" म्हणून बोट वर करतो. अशा मुलाला मीं पूर्वी कित्येकदां रागें भरलों आहें. त्याचें मला आज वाईट वाटतें.

आतां माझी गोष्ट. ती पुरापासून नव्हे, भूकंपापासून सुरू होते.

माझा जन्म पाटण तालुक्यांतला, कोयनेच्या खोऱ्यांतला. १९६७ सालच्या ११ डिसेंबरला पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनीं कोयनेचा मोठा भूकंप झाला तेव्हां मी आठ वर्षांचा होतों. पावणेदोनशेंच्या वर माणसें त्यांत गेलीं, कोयनानगरांत धडकें घर म्हणून उरलें नाहीं, मुंबई-पुण्यापर्यंत लोक अंथरुणांतून उठून बाहेर पळाले. आमच्या घराची मागली भिंत पडली, माणसें वांचलीं. मला आठवतो तो आवाज. जमिनीखालून दगडांनीं भरलेल्या गाड्या एकामागून एक जाव्या तसा. त्यानंतर उभा हिंवाळा आम्हीं अंगणांत काढला. आम्ही मुलें, आम्हांला त्याची मौज वाटे. अंगणांत शेकोटी, वर चांदणें आणि शाळा बंद.

अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, मात्र त्या पहाटेनें सोडलें नाहीं. भिंत पुन्हां बांधली, आम्ही आंत निजूं लागलों. पण त्यांनीं पुढें कधीं दाराला आंतून कडी घातली नाहीं. कोनाड्यांत पितळी ताटलीवर एक तांब्या उपडा घालून ठेवीत, कां तर जमीन हलली कीं तो वाजावा. त्या भागांत लहान धक्के अजूनही अधूनमधून बसतात. तेव्हां तर वारंवार बसत. तांब्या किणकिणला कीं अण्णा उठत, भिंतीला तळहात लावून उभे राहत, बराच वेळ. न वाजतांही रात्रींतून दोन-तीनदां उठत. दिवसां ते अंगानें धट्टेकट्टे, बैलाला आवरणारे गडी. त्यांना कसला आजार आहे असें कोणाच्या स्वप्नांतही आलें नसतें. आम्ही भावंडें मोठीं झाल्यावर आपसांत हंसत असूं. कोणी उगाच दचकलें कीं "अण्णांचा तांब्या वाजला" म्हणत असूं. अण्णा १९९८ सालीं गेले. तीस वर्षें त्या माणसानें एक अखंड झोप घेतली नव्हती, हा हिशेब मला त्या वेळीं सुचला नाहीं. धसका म्हणतात तो हाच, हें मला कळलें तें स्वतःवर आल्यावर.

२०१७ सालीं मी सेवेंतून निवृत्त झालों आणि मुलाच्या नोकरीमुळें आम्ही सांगलीस नदीकांठच्या एका पेठेंत राहावयास आलों. कोयनेचें पाणी कऱ्हाडास प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळतें आणि तेंच खालीं सांगलीस येतें. तेव्हां गांवची नदी आपल्यामागून आली, असें मी थट्टेनें म्हणत असें. घर घेतांना जुन्या मालकानें भिंतीवरची एक रेघ दाखविली : २००५ सालच्या महापुराची. त्या वर्षीं आयर्विनला पाणी ५३ फुटांच्या वर गेलें होतें. "ह्याच्या वर कधीं येत नाहीं," तो म्हणाला. आम्हीं त्या रेघेवर विश्वास ठेविला. माणसाचें मन अशाच रेघांवर निर्धास्त असतें.

२०१९ च्या ऑगस्टांत पाणी ५७ फुटांच्या वर गेलें. विश्रामबागेकडील एका शाळेंत आम्हांला आसरा मिळाला. सारा जन्म शाळेंत गेलेला मी त्या शाळेंत एका बांकावर गठडें घेऊन बसलों होतों आणि समोर फळ्यावर कोणा मास्तरांनीं पूर आला त्या दिवशींची तारीख लिहिलेली होती, ती कोणी पुसली नव्हती. ८ तारखेस पलूस तालुक्यांत ब्रह्मनाळ येथें लोकांना पुरांतून बाहेर काढणारी नाव उलटून माणसें बुडालीं. ती वार्ता आली तेव्हां त्या शाळेंतली पोरेंसुद्धां गप्प झालीं.

पाणी ओसरल्यावर घरीं गेलों. चिखल, वास, आणि कपाटांत फुगून एक झालेलीं पुस्तकें. माझ्या टांचणांच्या वह्या, अडतीस वर्षांच्या, लगदा होऊन गेल्या. परंतु एक चमत्कार सांगतों : त्या दिवसांत मी उत्तम होतों. सगळेच होते. शेजारी शेजाऱ्याचा चिखल काढीत होता, गांवोगांवाहून भाकऱ्या येत होत्या, आम्ही म्हातारेही फावडें धरीत होतों. झोप लागे ती दगडासारखी. ताण येतो तो कामाच्या दिवसांत नव्हे, काम संपल्यावर येतो, हें मला ठाऊक नव्हतें.

तो आला २०२० च्या जूनमध्यें. त्या वर्षीं करोनाच्या साथीनें सर्वांना घरांत कोंडलें होतें, त्याची भर पडली असेल. पहिला पाऊस कौलांवर वाजूं लागला आणि माझ्या तळहातांना घाम सुटला. मग रात्रीं जाग येऊं लागली. उठावें, गच्चीवर जावें, नदीच्या दिशेनें पाहावें. अंधारांत दिसणार काय? तरी पाहावें. मोबाईलवर आयर्विनचा आकडा पाहावा, पुन्हां निजावें, पुन्हां पाहावा. आकडा १८ असला तरी पाहावा. जेवण जाईना. वर्तमानपत्रांतलें एकच वाक्य तीनदां वाचावें लागे. आणि स्वभाव बिघडला. एके दुपारीं माझा सात वर्षांचा नातू मोरींत बादली भरत ठेवून विसरला. पाणी वाहूं लागलें. त्याचा आवाज ऐकून मी धांवत गेलों आणि त्याच्या तोंडांत मारली. अडतीस वर्षांत माझ्या हातची छडी पोरांनीं खाल्ली असेल, पण घरांतल्या पोरावर मीं कधीं हात टाकला नव्हता. तो रडला नाहीं. नुसता पाहत राहिला. माझी पत्नी बाहेर आली, तिनें नळ बंद केला आणि शांतपणें म्हणाली, "अहो, हें पाणी नळाचें आहे. नदीचें नव्हे."

तिच्याच आग्रहानें मी डॉक्टरांकडे गेलों. मला वाटत होतें हृदयाचें कांहीं असावें. त्यांनीं हृदयाचा आलेख काढला, तो ठीक निघाला. रक्तदाब मात्र चढलेला होता. मग त्यांनीं सहज विचारल्यासारखें विचारलें, "गुरुजी, रात्रीं किती वेळां उठून नदी पाहतां?" मीं तें त्यांना सांगितलें नव्हतें. मीं मनांत मोजलें आणि म्हटलें, "तीन-चार वेळां." तें बोलतांना कोनाड्यांतला तांब्या माझ्या डोळ्यांपुढें आला.

डॉक्टरांनीं मग जें समजावून सांगितलें त्याचा सारांश असा. कॅननसाहेबांनीं वर्णिलेली ती सज्जता कांहीं मिनिटांपुरती आहे. वाघ गेला कीं ती उतरावी अशी निसर्गाची योजना. पण माणूस वाघ नसतांना वाघाची आठवण करूं शकतो, आणि आठवणीनेंही ग्रंथि तेंच काम करतात. रोज, महिनोन्महिने हें चाललें म्हणजे कॉर्टिसोल नांवाचें दुसरें द्रव्य रक्तांत हवें त्याहून अधिक राहूं लागतें. झोप तुटते, रक्तदाब चढतो, मधुमेह असला तर आवरेनासा होतो, स्मरण मंदावतें. झोप तुटली कीं चिडचीड वाढते, आणि चिडचीड वाढली कीं झोप तुटते.

ओळखावयाचें कसें, हा खरा प्रश्न, कारण आमच्याकडे मनाचें दुखणें मनाच्या नांवानें येत नाहीं. तें पोटाच्या, डोक्याच्या, मानेच्या नांवानें येतें. बाई म्हणते हातपाय गळतात, अन्न गोड लागत नाहीं. पुरुष कांहींच म्हणत नाहीं. तो तंबाखूची चिमूट मोठी करतो, दाराशीं आलेल्या माणसावर खेंकसतो, किंवा सायंकाळीं घरीं यावयास उशीर करूं लागतो. दांत आवळून निजणें, तपासण्यांत कांहीं न निघतां छातींत धडधडणें, हातांतली किल्ली हातांत असतांना शोधणें, हंसण्याच्या ठिकाणीं हंसूं न येणें, पूर्वी आवडणाऱ्या भजनाला किंवा पत्त्यांच्या डावाला न जाणें : ह्यांपैकीं एखादी गोष्ट कोणालाही चार दिवस होईल. चार-पांच एकत्र आल्या आणि आठवडे लोटले तर तो स्वभाव नव्हे. आपलें आपल्याला हें दिसत नाहीं, घरच्यांना दिसतें. म्हणून घरच्यांनीं सांगितलें तर रागावूं नये. मी रागावलों होतों.

नदीकांठची गोष्ट झाली. पण आमच्या ह्या दोन जिल्ह्यांत निम्म्या लोकांना पाणी येईल ह्याची धास्ती, तर माण-खटावांत, आटपाडींत आणि जतेंत तें येणारच नाहीं ह्याची. आणि तासगांवच्या द्राक्षबागाईतदाराला दोहोंची. ऑक्टोबरांत छाटणी झाली, फुलोरा आला, आणि नेमकें तेव्हां आभाळ भरून आलें, धुकें पडलें, कीं दावण्या आणि भुरी पानांवर चढते. हा मनुष्य रात्रीं दोनला उठून औषध फवारतो, पहाटे हात जोडून आभाळाकडे पाहतो, आणि दिवसां बँकेच्या माणसाशीं हंसून बोलतो. माझा एक जुना विद्यार्थी असा आहे. त्याला मीं विचारलें, "झोपतोस केव्हां?" तो म्हणाला, "गुरुजी, माल निघाला कीं एकदम झोपतों." आठवडाभरानें मीं त्याला मुद्दाम पुन्हां बोलाविलें. चहा पाजला. तो दोन तास बोलत होता. मी फक्त 'मग?' म्हणत होतों. जातांना म्हणाला, "आज बरें वाटलें." कर्ज तेवढेंच राहिलें, आभाळही तसेंच राहिलें. ऐकून घेणें ही एवढी मोठी गोष्ट आहे हें मला शिक्षक असतांना कळतें तर किती बरें झालें असतें; तेव्हां मीच फार बोलत होतों.

आतां उपाय. मला जे लागू पडले तेवढेच सांगतों.

पहिला श्वासाचा. हृदय आपल्या हुकमानें मंद होत नाहीं, पण श्वास होतो, आणि श्वास सोडतांना हृदयाची गति स्वभावतःच किंचित् उतरते. म्हणून चार अंक मोजीत श्वास घ्यावा आणि सहा मोजीत सोडावा, पांच मिनिटें. नाकावर बोट ठेवून, डोळे मिटून, आसन घालून करा असें मी म्हणत नाहीं. बसच्या रांगेंत उभ्यानेंही होतें. मला पहिल्या दिवशीं हें हास्यास्पद वाटलें. आठव्या दिवशीं रात्रींचें उठणें चाराऐवजीं दोनदां झालें.

दुसरा अंगमेहनतीचा. शरीर पळावयास सज्ज झालें आहे आणि आपण त्याला खुर्चींत बसवितों, हा मूळ घोटाळा आहे. सातारा जिल्ह्यांतल्या औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधि ह्यांनीं सूर्यनमस्कारांचा केवढा प्रसार केला हें जुन्या लोकांना ठाऊक आहे. आपल्या संस्थानांतल्या शाळांतून ते घालावयास लावले, त्यांवर पुस्तकें लिहिलीं. त्यांच्या सर्व दाव्यांना मी मान डोलावीन असें नाहीं. पण सकाळीं घाम निघेपर्यंत अंग हलविलें तर त्या रात्रीं झोप बरी लागते, एवढें माझ्या अनुभवाचें आहे. माझ्या वयाला बारा नमस्कार पुरे होतात. गुडघे दुखत असतील त्यांनीं चालावें.

तिसरा उपाय वहीचा, म्हणून तो मला विशेष प्रिय. एका पानाचे उभे दोन भाग केले. डावीकडे माझ्या हातांतलें, उजवीकडे माझ्या हातांत नसलेलें. उजवीकडे लिहिलें : पाऊस, धरणांतून सोडलेलें पाणी, अलमट्टी. डावीकडे : कागदपत्रें प्लॅस्टिकच्या पिशवींत घालणें, औषधें पंधरा दिवसांचीं आणून ठेवणें, पुस्तकें माडीवर नेणें, ३५ ला सामान उचलणें आणि ४० ला घर सोडणें. उजव्या बाजूस तीन नोंदी, डाव्या बाजूस पंधरा. मी वर्षभर त्या तिघींशीं भांडत होतों आणि पंधरा कामें पडून होतीं. काळजी करावयाची ती दिवसांतून एकदांच, सायंकाळीं, वही उघडून, वीस मिनिटें. रात्रीं आली तर "उद्यां सायंकाळीं ये" म्हणून सांगावयाचें. हें ऐकून आमच्या घरांतून हंसूं झालें. पण आपल्या मनाला परक्यासारखें समोर बसवून त्याच्याशीं बोलणें ही आमच्याकडची जुनीच रीत आहे. सज्जनगड आमच्याच जिल्ह्यांतला. ज्या रामदासांनीं तेथें देह ठेविला त्यांनीं दोनशेंहून अधिक श्लोक मनाला उद्देशून लिहिले, स्वतःला उद्देशून नव्हे. ह्यांतला भेद मीं मुलांना कधीं समजावून दिला नव्हता, नुसते पाठ करून घेतले होते.

आकड्याचा मोह मात्र सर्वांत कठीण गेला. मोबाईल दर पावतासाला हातांत घ्यावासा वाटे. शेवटीं तो रात्रीं सुनेच्या खोलींत ठेवावयास सुरुवात केली. आकडा दिवसांतून दोनदांच पाहावयाचा, सकाळीं सातला आणि सायंकाळीं सहाला. इशारा असेल तर गल्लींतलीं मुलें कळवितात.

दारू आणि तंबाखू ह्यांनीं ताण उतरतो असें म्हणणारे पुष्कळ भेटतात. तो उतरत नाहीं, पुढें ढकलला जातो, आणि परत येतांना व्याज घेऊन येतो. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनीं साताऱ्यांत 'परिवर्तन' ही व्यसनमुक्तीची संस्था उभी केली, तेथवर पोंचणाऱ्यांत अशीं पुढें ढकललेलीं दुखणीं घेऊन येणारे कमी नसतील.

आणि ह्या सगळ्यानें भागलें नाहीं तर? दोन आठवडे झोप नाहीं, अन्न नाहीं, कशांतच मन नाहीं. किंवा "माझ्यावांचून सर्वांचें बरें होईल" असें कोणी बोललें, थट्टेनें जरी बोललें, तर वही आणि श्वास ह्यांवर विसंबूं नये. त्याला एकटें सोडूं नये, आणि मनोविकारतज्ज्ञाकडे न्यावें. जिल्हा रुग्णालयांत ते भेटतात. सरकारनें २०२२ सालच्या ऑक्टोबरांत 'टेलि-मानस' म्हणून दूरध्वनीची सोय केली आहे, क्रमांक १४४१६. चोवीस तास चालते, पैसे पडत नाहींत, मराठींत बोलतां येतें. क्रमांक पुन्हां सांगतों, लिहून घ्या : १४४१६. मनोविकारतज्ज्ञाकडे गेला म्हणजे वेडा झाला, ही समजूत माझ्याही डोक्यांत होती. अण्णांच्या वेळीं पाटणांत असा डॉक्टर कोठून मिळणार? पण असता तरी आम्ही त्यांना नेलें नसतें, हें मला कबूल केलें पाहिजे.

२०२१ च्या जुलैंत पुन्हां पाणी आलें, सुमारें ५५ फुटांपर्यंत. ह्या वेळीं ३५ ला पुस्तकें माडीवर गेलीं आणि ४० ला आम्ही घर सोडलें. परत येऊन चिखल काढला. कंबर धरली, पण पुढल्या जूनला तळहातांना घाम आला नाहीं. थोडा आला असेल.

तो नातू आतां मोठा झाला आहे. आयर्विनचा आकडा भिंतीवरल्या दिनदर्शिकेंत मांडण्याचें काम मीं त्याच्याकडे सोंपविलें आहे. सातचा आकडा निळ्या शाईनें, सहाचा तांबड्या. गेल्या पावसाळ्यांत एके रात्रीं सरींचा आवाज वाढला तसा मी उठलों आणि खिडकीशीं जाऊन उभा राहिलों. त्याला जाग आली. पांघरुणांतूनच तो म्हणाला, "आजोबा, सहाला बावीस होतें. आतां सकाळीं सातला."

मीं खिडकी लावून घेतली.